आजीचं बोट आणि कुंडीतला मोगरा

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर सोडलं आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. भांडी आली, देव आले, आजोबांचं लाकडी कपाटसुद्धा कसंबसं लिफ्टमधून वर आलं. प्रश्न होता तो परसातल्या मोगऱ्याचा. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी लावलेला तो बटमोगरा. शेजारच्या काकू त्याला ‘बेला’ म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या घेऊन जायच्या. आजी म्हणाली, “बाकी काही राहिलं तरी चालेल, पण तो घ्या.”

घेतला. बाबांनी नि मी भर उन्हात तो खणून काढला, निम्मी मुळं तिथंच तुटली. परसातलीच काळी माती एका मोठ्या कुंडीत दाबून भरली आणि झाड गॅलरीत ठेवलं. मग सुरू झालं आमचं प्रेम. सकाळी आई पाणी घालायची, ऑफिसला निघताना मी, संध्याकाळी बाबा. पानं मलूल दिसली की, “बिचाऱ्याला तहान लागली असेल” म्हणून आणखी एक तांब्या. पानं पिवळी पडली, गळाली. गणपती यायच्या आत झाड गेलं. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, मऊ, आणि मातीला नाल्यासारखा वास. तोवर जुन्या घराच्या जागी खड्डा खणून झाला होता. परत जाऊन फांदी आणायची सोयही उरली नव्हती.

आजी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी कुंडीतल्या झाडांविषयी जे काही शिकले ते या लेखात लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांची नवी घरं आता फ्लॅटमध्येच आहेत. नर्सरीतून हौसेनं आणलेला ‘गमला’ दोन महिन्यांत रिकामा होतो, आणि “माझ्या हाताला यशच नाही” असं म्हणून आपण सोडून देतो. हाताच्या यशाचा यात फारसा संबंध नसतो.

मुळांनाही श्वास लागतो

जमिनीतलं झाड आपली सोय आपण करतं. ओल कमी झाली तर मूळ खोल जातं, एका बाजूला पाणी साचलं तर दुसरीकडे वळतं. कुंडीतल्या मुळाला पळायला जागाच नाही. आपण जे देऊ ते आणि तेवढंच त्याचं जग.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात त्यात हवा राहते. त्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड मलूल होतं. म्हणजे जास्त पाण्यानं आजारी पडलेलं झाड अगदी तहानलेल्या झाडासारखंच दिसतं! आम्ही नेमके तिथंच फसलो.

आपली काळी माती

माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत एकटी घातली तर वैरीण. ओली झाली की फुगून चिकट होते, हवेला जागा ठेवत नाही. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आणि मधला गोळा मात्र कोरडाच असतो.

म्हणून मी आता एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण करते. मूठभर ओलं मिश्रण घेऊन दाबायचं. लाडू वळला, पण बोटानं टोचल्यावर सुटला, तर जमलं.

तळाशी खडीचा जाड थर घातला की पाण्याचा निचरा चांगला होतो, असं आपण ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. खडीमुळे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक वाकडी खापरी ठेवली की पुरे, माती वाहून जात नाही.

खताचं म्हणाल तर ते आपल्या गावचंच शास्त्र आहे. आल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि हवा लागावी म्हणून ढीग अधूनमधून उलटायचा, ही त्यांनी बसवलेली पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय तर आता आपल्याला लागलेलीच आहे. झाकणाच्या, भोकं पाडलेल्या बादलीत भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळकी पानं थराथरानं घाला, आठवड्याला एकदा हलवा. साधारण तीन महिन्यांत मातीचा वास येणारं काळं, भुसभुशीत खत तयार होतं. आंबट वास आला तर समजा, ओल जास्त झाली. वाळकी पानं वाढवा.

जागा आधी, झाड नंतर

आपण झाड आवडतं म्हणून आणतो आणि मग त्याला जागा शोधतो. उलटं करावं. गॅलरीत ऊन किती तास येतं ते एखाद्या रविवारी घड्याळ लावून बघा. आपल्या डोळ्यांवर विसंबू नका, ते अंधाराशी लगेच जुळवून घेतात. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, तर दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात जेमतेम दोन-तीनशे.

पाच-सहा तास ऊन असेल तर मोगरा, जास्वंद, सदाफुली, चिनी गुलाब, बोगनवेल लावा. बोगनवेलीला पाणी जरा कमीच द्या. लाड केले तर नुसती पानं काढते, थोडी ताणली की फुलांनी भरते. ऊन येत नाही पण खिडकीजवळ उजेड आहे, तिथं मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, अग्लोनेमा छान राहतात. रांगतं बाळ किंवा मांजर घरात असेल तर डिफनबेकिया नकोच, आणि मनीप्लांट, अग्लोनेमासुद्धा हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. यांची पानं चावली गेली तर तोंडाची आग होते, सूज येते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली कुंडी भट्टीसारखी तापते. ती भिंतीपासून सरकवा, कुंड्या एकमेकींच्या जवळ ठेवा, दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून लवकर वाळते. प्लॅस्टिकची ओल धरून ठेवते. दोन्हींना एकाच मापानं पाणी घालू नका. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी मात्र रोज ओता, नाहीतर फुलांआधी डासच येतील.

देवासच्या काकूंची पिशवी

आता मोगऱ्याकडे परत येते. त्याच वर्षी गणेशोत्सवात देवासच्या एका काकूंशी गाठ पडली. बोलता बोलता आई म्हणाली, “सासूबाईंचा मोगरा गेला हो.” काकू हसल्या. म्हणाल्या, “गेला कुठे? माझ्या दारात आहे की!”

आजी पावसाळ्यात मोगऱ्याच्या खालच्या फांद्या वाकवायची, साल जराशी खरवडायची आणि तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायची. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटली की फांदी कापून वेगळी करायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे न लुटता ती हीच रोपं वाण म्हणून द्यायची. आम्हा मुलांना त्याची लाज वाटायची. त्यातलंच एक रोप बारा वर्षांपूर्वी देवासला गेलं होतं.

पुढच्या संक्रांतीला काकू आल्या त्या हातात काळी पिशवी घेऊनच. पिशवीत वीतभर मोगरा, चार पानांचा. आजीनं तो मांडीवर घेतला.

या वेळी आम्ही कुणी पुढे झालो नाही. आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. ती रोज सकाळी खुर्ची गॅलरीत ओढते आणि तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालते. गार, ओलसर लागलं तर बोट पदराला पुसते आणि उठते. कोरडं लागलं तर म्हणते, “आण गं तांब्या.” मग पाणी घालायचं ते तळाच्या भोकातून येईपर्यंत, सगळ्या बाजूंनी, सावकाश. घोट-घोट रोज नाही. उन्हाळ्यात असा तांब्या रोज लागतो, थंडीत चार-चार दिवस लागत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. वेळापत्रक नाही, फक्त बोट. आमच्या घरी आता नियम आहे की पाणी एकानंच घालायचं.

बाकी मोगऱ्याचं फार काही नसतं. जानेवारीच्या शेवटी फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. मग मूठ-दोन मुठी खत. पांढरी कापसासारखी कीड दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारायचं. मुळं भोकातून डोकावू लागली की एक माप मोठी कुंडी.

पहिल्या उन्हाळ्यात अकरा कळ्या आल्या. आजीनं मोजल्या होत्या.

या पावसाळ्यात मी स्वतः तीन फांद्या दाबल्या आहेत. एक देवासला परत जाईल, एक पुण्याच्या बहिणीकडे, आणि तिसरी मंडळाच्या हळदीकुंकवात जिला हवी तिला. आमच्या कुंडीचं पुन्हा काही बिनसलं, तर मागायला जायला घर हवं ना!