इस्पितळांची परीक्षा

परीक्षा हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें विद्यार्थी उभा राहतो. परंतु ज्या घरांत आपण आपला देह परक्याच्या हातीं सोपवितों, त्या इस्पितळाची परीक्षा कोणी घेतो काय, आणि घेतो तर कशी, हा प्रश्न आपणांपैकीं थोड्यांनींच कधीं विचारला असेल.

ह्या परीक्षेचा उगम अमेरिकेंत झाला. बोस्टन शहरीं अर्नेस्ट कॉडमन नांवाचे एक शस्त्रवैद्य होते. त्यांचें म्हणणें अगदीं साधें होतें. प्रत्येक रोग्याचा पुढेंही माग ठेवावा. तो बरा झाला कीं नाहीं हें पाहावें. झाला नसेल तर कां झाला नाहीं याचा शोध करावा आणि तो शोध लोकांपुढें ठेवावा. एवढेंही बोलणें त्या काळच्या प्रतिष्ठित डॉक्टरांस रुचलें नाहीं. तेव्हां कॉडमन यांनीं १९११ सालीं स्वतःचें लहानसें इस्पितळ काढलें, आणि तेथून घरीं गेलेल्या ३३७ रोग्यांच्या बाबतींत १२३ चुका झाल्या, अशी नोंद स्वतःच छापून प्रसिद्ध केली! आपल्या मापांत काल कितीदां कमी भरलें, याची पाटी दुकानावर लावणारा वाणी कोणी पाहिला आहे काय?

कॉडमन यांचें इस्पितळ टिकलें नाहीं. कल्पना मात्र टिकली. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ह्या संस्थेनें एका पानावर मावतील इतकेच किमान नियम ठरविले. डॉक्टर लायक व सचोटीचे असावे, त्यांनीं वेळोवेळीं एकत्र बसून आपल्याच कामाची छाननी करावी, प्रत्येक रोग्याची पूर्ण नोंद ठेवावी, प्रयोगशाळा व क्ष-किरणांची सोय असावी, एवढेंच. १९१८ सालीं तपासनीस हिंडूं लागले. शंभर व त्याहून अधिक खाटांचीं ६९२ इस्पितळें त्यांनीं पाहिलीं, आणि कसोटीस उतरलीं अवघीं ८९. मोठमोठीं नांवाजलेलीं इस्पितळें नापास झालीं होतीं. १९१९ सालीं न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत भरलेल्या सभेंत आंकडे तेवढे जाहीर झाले. परंतु नांवांची यादी वर्तमानपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून तेथल्याच भट्टींत जाळून टाकण्यांत आली, असें सांगतात. निकालपत्रक जाळणारे परीक्षक मीं तरी दुसरे ऐकलेले नाहींत. पण नियम जळले नाहींत. १९५१ सालीं ह्या कामासाठीं तेथें स्वतंत्र संयुक्त मंडळ निघालें. तेंच आज जॉइंट कमिशन ह्या नांवानें ओळखलें जातें.

आपल्या देशांत भारतीय गुणवत्ता परिषदेच्या छत्राखालीं एन. ए. बी. एच. हें मंडळ असें काम करतें. ही परीक्षा सरकारी परवान्याहून वेगळी असून, इस्पितळानें ती आपण होऊन द्यावयाची असते.

आतां तयारीविषयीं. शाळेची तपासणी येणार म्हटलें कीं भिंतींना चुना लागे, आणि हुशार मुलें पुढच्या बांकावर येत. इस्पितळांतही हीच वृत्ति दिसते. महिन्याची नोंदवही एका रात्रींत, एकाच शाईनें भरली जाते. परंतु जाणता परीक्षक असल्या सजावटीला भुलत नाहीं. तो एका रोग्याचा कागद हातीं घेतो आणि त्या रोग्याच्या पावलावर पाऊल टाकीत प्रयोगशाळेंत, शस्त्रक्रियागृहांत व औषधांच्या कपाटापाशीं जातो. अमेरिकेंत तर २००६ सालापासून हे तपासनीस बहुधा पूर्वसूचना न देतांच येतात.

मग तो पाहतो तरी काय? पहिली गोष्ट नांवाची. एकाच दालनांत दोन शांताबाई पाटील असणें आपल्या प्रांतांत नवलाचें नाहीं. म्हणून औषध देण्यापूर्वीं नांव आणि नोंदणीक्रमांक किंवा जन्मतारीख, अशा दोन खुणा ताडून पाहाव्या लागतात. खाटेचा क्रमांक चालत नाहीं; खाट बदलते. शिवाय "आपण शांताबाई ना?" असें विचारूं नये, कमी ऐकूं येणारी म्हातारी कशालाही होकार देईल. "आपलें नांव काय?" असेंच विचारावें. दुसरी गोष्ट, टेलिफोनवरून आलेल्या आज्ञेची. परिचारिकेनें ती लिहून घेऊन उलट वाचून दाखवावी. कारण फिफ्टीन आणि फिफ्टी ह्यांत कानाला फारसें अंतर नाहीं, रोग्याला मात्र फार आहे. तीव्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करतां शिरेंत गेलें तर हृदय थांबूं शकतें. म्हणून तें इतर औषधांच्या शेजारीं ठेवीत नाहींत.

शस्त्रक्रियेसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं एकोणीस बाबींची यादी काढली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं ती मोठ्यानें वाचावयाची. आठ शहरांतील इस्पितळांत, त्यांत आपली दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दीडवरून ०.८ वर आलें, असें १९०९ नव्हे, अगदीं अलीकडच्या २००९ सालीं प्रसिद्ध झालें. खर्च कागदाचा!

ह्या सर्वांहून कठीण बाब चुकांच्या वहीची आहे. ती कोरी दिसली कीं व्यवस्थापक संतोषतो आणि परीक्षक सावध होतो. जी परिचारिका चुकलेली मात्रा आपण होऊन सांगते, तिचा पगार कापला तर पुढच्या महिन्यांत कोणीही कांहींएक सांगणार नाहीं. छडी मारून खरें बोलावयास शिकविणारा मास्तर फक्त सफाईनें खोटें बोलावयास शिकवितो.

शेवटची बाब आगीची. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या दालनास आग लागली. दहा बालकें दगावलीं, सात वांचविण्यांत आलीं. आग विझविण्याची नळकांडीं भिंतीवर टांगलेलीं असणें निराळें, आणि तीं अंधारांत वापरतां येणें निराळें. ह्यासाठीं सराव दिवसा, अधीक्षकांच्या देखत करून भागत नाहीं. रात्रपाळीच्या माणसांकडून करवून घ्यावा लागतो. कोणत्या बालकास कोणी उचलावयाचें, विजेचा मुख्य खटका कोठें आहे आणि मागच्या दाराची किल्ली कोणापाशीं असते, हें परीक्षक रात्रपाळीच्या परिचारिकेलाच विचारतो.