चावी, साखर आणि सेव्हिल

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ बडोद्यात आले आणि नरेंद्र मोदींसह त्यांनी सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. भारताने मागवलेल्या ५६ विमानांपैकी १६ सेव्हिलहून तयार होऊन यायची आणि ४० बडोद्यात बांधायची, असा हा करार. शब्दांची ये-जा मात्र विमानांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तिचा माग काढणारं एक फार मोलाचं पुस्तक बडोद्यातूनच निघालेलं आहे.

त्याचे मूळ लेखक मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद, गोव्यातल्या बारदेसमधल्या आसगावचे. पोर्तुगीज शब्द आशियातल्या सुमारे पन्नास भाषांत कसे शिरले, याचा कोश त्यांनी १९१३ मध्ये पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केला. बडोदा कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक ए. एक्स. सोआरेस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९३६ मध्ये तो ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मध्ये आला. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१६ मध्ये, ही माला राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने सुरू झाली होती. संस्कृत पोथ्यांसाठी नावाजलेल्या मालेत चावी, पगार, बटाटा यांनाही तेवढ्याच गांभीर्याने जागा मिळावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. घरातल्या शब्दांचा इतिहासही विद्येचाच विषय आहे, हे बडोद्याने तेव्हाच मानलं होतं.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, त्यामुळे आपला ‘पगार’ किंवा दाराची ‘बिजागरी’ स्पॅनिश माणसालाही ओळखीची वाटेल. मग हे शब्द नेमके कुणाकडून आले, हे कसं ठरवायचं? ‘चावी’ पाहा. किल्लीला लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणत. लॅटिन शब्दाच्या आरंभीच्या ‘क्ल’, ‘फ्ल’चा पोर्तुगीजमध्ये बहुधा ‘च’ झाला (आता त्याचा उच्चार ‘श’ होतो) आणि स्पॅनिशमध्ये ‘य’च्या जवळचा ध्वनी. ज्वालेचा लॅटिन ‘फ्लामा’ पोर्तुगीजमध्ये ‘शामा’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘यामा’. तसंच स्पॅनिश किल्ली ‘यावे’. म्हणजे आपल्या चावीतला ‘च’ हाच ती पोर्तुगिजांकडून आल्याचा पुरावा. तोही सोळाव्या शतकाच्या आसपासचा, जुना उच्चार जपलेला.

‘बटाटा’ याहून लांबून आलेला. कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा हा शब्द, आणि त्याचा अर्थ रताळं. तो स्पॅनिशांनी उचलला, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला. स्पेनमध्ये पुढे त्यात पेरूकडच्या केचुआ भाषेतला ‘पापा’ मिसळला आणि ‘पाताता’ झाला. मराठीत तायनो रूप जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. बदलला तो कंद.

उलट दिशेची वाट अरबांची. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. संस्कृत ‘शर्करा’ फारसीतून अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’. ‘नारंग’ नारांहा झालं, ‘नील’ आन्यील, ‘चतुरंग’ आहेद्रेस. आणि आपण ‘अमका-फलाणा’ म्हणतो, तसा स्पॅनिश माणूस ‘फुलानो’ म्हणतो, कारण दोघांच्याही मागे अरबी ‘फुलान’ आहे.

गावांची नावंही याच वाटेने उलगडतात. सेव्हिलची नदी ग्वादाल्किविर म्हणजे ‘अल-वादी अल-कबीर’, मोठी नदी. स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतेसचा जन्म झाला ते अल्काला म्हणजे ‘अल-कलआ’, आणि त्याच ‘कलआ’पासून फारसीमार्गे मराठीत ‘किल्ला’ आला. राजगड-रायगडासाठी आपण वापरतो तो शब्द स्पेनच्या नकाशावर गावोगावी सापडतो, हे कळल्यावर तो नकाशा मला परका वाटेनासा झाला.

पण नुसत्या उच्चारावर विसंबू नये. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा नावाचं गाव आहे. तिथे जहाजांकडून जकात घेत, म्हणून दरपत्रकाला ‘तारिफा’ म्हणू लागले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खरी नाही. दराचा ‘तारिफा’ अरबीतल्या ‘माहीत करून देणे’ या धातूवरून आला. आपली ‘तारीफ’ त्याच धातूची. गावाचं नाव मात्र ७१० मध्ये तिथे उतरलेल्या तारिफ या बर्बर सरदारावरून पडलं. अरबीत या दोन शब्दांमधला ‘त’सुद्धा वेगळा आहे. ‘पेरू’चंही तसंच. दालगाद हे फळाचं नाव पोर्तुगीज ‘पेरा’शी, म्हणजे नाशपतीशी जोडतात. पेरू देशाचं नाव ‘बिरू’ या पनामाकडच्या सरदाराच्या नावावरून पडल्याचं सहसा मानलं जातं.

बडोद्याच्या नावाचा पुरावा तर ताम्रपटात आहे. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट दानपत्रात हे गाव ‘वटपद्रक’ म्हणून येतं: वडाचं गाव. याच वडाला इंग्रजीत ‘बॅनियन’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात झाडाचा नाहीच. गुजराती ‘वाणियो’ पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला. इराणच्या बंदर अब्बासजवळ एका वडाखाली गुजराती व्यापारी जमत. युरोपीय प्रवाशांनी आधी त्या एका झाडाला वाण्यांचं झाड म्हटलं, आणि पुढे प्रत्येक वडाला तेच नाव लागलं.