ट्रॅक्टर अनुदानात मिळाला, उभा कुठे करायचा?

हातात स्वतःचे अवजार आले की माणूस निव्वळ मजूर राहत नाही. सेनगाव तालुक्यातील भूमिहीन समाजबांधव ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा टेम्पो घेतो, तेव्हा तो सालगडीपणाची साखळी तोडत असतो. सोयाबीनच्या हंगामात दुसऱ्याच्या खळ्यावर रोजाने राबणारा आता स्वतःच्या यंत्राचा दर सांगतो. पण संध्याकाळी हे यंत्र उभे करायचे कुठे, याचे उत्तर शासनाच्या कोणत्या कागदावर आहे?

हिशेब पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर व उपसाधने देण्याची योजना शासनाने २०१२ मध्ये आणली. साडेतीन लाखांच्या खर्चावर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान. रमाई आवासचे घरकुल मात्र २६९ चौरस फुटांचे. ज्याला जागाच नाही त्याला २०१५ च्या दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत, तीही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. उरले २३१ चौरस फूट. त्यातच भिंतींची जाडी, न्हाणी, शौचालय. ट्रॅक्टर-ट्रॉली मग रस्त्यावरच येणार! आणि रस्त्यावर आली की वाट अडवल्याची तक्रार होणार. एका हाताने यंत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने जागा नाकारायची, हा कुठला विकास?

वस्ती सोडून पुण्या-मुंबईच्या सोसायटीत जावे तर तिथे दुसरी पाटी असते: व्यावसायिक वाहनांना प्रवेश नाही. साहेबांच्या मोटारीला जागा, टेम्पोला मात्र मज्जाव. जमिनीच्या वापरावर खरेदीखतातही अट घालता येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४० व्या कलमानुसार, अट ठाऊक असूनही जमीन घेणाऱ्यावर ती बंधनकारक ठरू शकते. तालुक्याच्या गावीही शेतजमिनी मोडून प्लॉट पडत आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी खत वाचा!

अमेरिकेत अशाच खतांतील अटींनी काळ्या माणसांना गोऱ्यांच्या वस्तीबाहेर ठेवले होते. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा वर्णभेदी अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे तेथील अनेक वसाहतींनी कामाच्या गाड्या दारात उभ्या करण्यावर बंदी घातली. फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, अवजड व्यावसायिक वाहने वगळता, कामाची गाडी स्वतःच्या दारात लावण्याचा हक्क दिला. आपल्याकडे मात्र २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेची, सभासदत्व फक्त पारशांना देणारी अट वैध ठरवली. १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना बाहेर काढले गेले होते, हे या निकालाच्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

शेजाऱ्याची अडचण खोटी नाही. पहाटेचा आवाज, धूर, अडलेला अग्निशमनाचा रस्ता यांवर नियम हवाच. पण तो गाडीची लांबी, वजन आणि वेळ पाहून करावा, मालकाचा धंदा पाहून नव्हे. मोठी खासगी मोटार चालते आणि तेवढाच टेम्पो चालत नाही, तेव्हा अडचण जागेची नसते, श्रमाच्या दर्शनाची असते. श्रम करणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवणारी हीच ती जुनी नजर.

आता मागणी स्पष्ट हवी. यंत्राचे अनुदान मंजूर करतानाच ग्रामपंचायतीने ते ठेवण्यासाठी वस्तीजवळ सामाईक शेड द्यावी. नगरपंचायतीच्या हद्दीत नवे ले-आऊट मंजूर होताना कामाच्या वाहनांचा तळ नकाशातच दाखवावा. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत धंद्यावरून भेद करण्यास मनाई असावी. संविधानाच्या १९ व्या कलमाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. पण व्यवसायाचे साधन ठेवायला हातभर जागा नसेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहते. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा आणि ठरावाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका!