क्रोशाची पहिली सुई घेताना



मागच्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला पाचवीच्या मुलांना क्रोशाचं विणकाम शिकवायला घेतलं. आईने मला लहानपणी शिकवलेलं, त्यामुळे तयारी अशी काही केलीच नाही. दुकानात गेले, स्टीलच्या बारीक सुया स्वस्त दिसल्या, त्या डझनभर घेतल्या. लोकर घेतली काळी आणि गडद निळी. पांढरी घेतली तर मुलांच्या हातात मळेल, हा माझा हिशोब. तिसऱ्या तासाला एका मुलीने सुई माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, माले हाई जमत नही." ही मुलगी रांगोळी काढताना एक ठिपका चुकत नाही! मी तिच्या हातातली वीण घेऊन स्वतः करून पाहिली, तर मलाही पुढचा टाका दिसेना. तिच्या हातात दोष नव्हता, माझ्या खरेदीत होता. म्हणून हा लेख.

आधी सुईबद्दल. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात, एक निसटला की खालपर्यंत उसवत जातं. क्रोशात मात्र एकच सुई आणि तिच्यावर बहुधा एकच फास. चुकलं तर दोरा ओढायचा, हवं तिथपर्यंत उसवायचं, पुन्हा सुरू. मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे, त्याचा अर्थच लहान आकडा. टाक्याचा आकार मात्र आकड्यावर ठरत नाही. आकड्याच्या मागे जो गोल दांडा असतो, त्याच्या जाडीवर ठरतो. म्हणून सुईचं माप म्हणजे त्या दांड्याची जाडी, मिलिमीटरमध्ये.

नवशिक्याने ४ किंवा ५ मिमीची ॲल्युमिनियमची सुई घ्यावी. एकच. बारा सुयांचे रंगीत संच छान दिसतात, पण त्यातल्या दहा डब्यातच राहतात. स्टीलच्या सुया साधारण दोन मिमीच्या आतबाहेरच्या असतात, त्या बारीक सुती दोऱ्यासाठी. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका ज्या नाजूक लेस करतात, ते काम तसल्या सुईचं. जाड लोकर तिच्या आकड्यात मावतच नाही, अर्धे पदर आत आणि अर्धे बाहेर. आमच्या वर्गात नेमकं हेच चाललं होतं. प्लॅस्टिकची सुई हलकी असते, पण आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात घामाच्या हाताला ती चिकटते आणि लोकर तिच्यावरून सरकत नाही. मार्चनंतर तर नकोच. लाकडाची किंवा बांबूची चालेल, फक्त कूस लागत नाही ना ते बघा.

दुकानात सुई तपासायची एक युक्ती सांगते. आकड्याचं टोक आपल्या ओढणीवर किंवा पदरावर हलकेच फिरवा. धागा अडकला तर ती सुई परत ठेवा. टोकाला अशी बारीक कड राहिलेली असेल तर प्रत्येक टाक्याला लोकर फाटते. दांड्यावर अंगठा टेकायला चपटी जागा असेल तर उत्तम, मुलांची सुई हातात फिरत नाही.

आता नंबरचा घोळ. दुकानदाराला नुसती "८ नंबरची सुई द्या" म्हणू नका. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि अमेरिकन नंबर वाढला की जाड होते. (स्टीलच्या सुयांना अमेरिकेतही उलटंच!) सुती दोऱ्याचंही तसंच, ४० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा बारीक. त्यामुळे सुईवर मिमी छापलेलं असेल तेवढंच खरं धरा.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्या पालकांनी आणखी एक जपावं. अमेरिकन बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते, त्याला इंग्लंडमधली बाई डबल क्रोशे म्हणते. त्यामुळे रुमाल भलत्याच आकाराचा होतो आणि चूक कळत नाही. आपल्याकडे साखळी, मुका खांब, खांब अशी नावं आहेत, त्यात गोंधळाला जागाच नाही. वर्गात मी हीच वापरते.

दोऱ्याकडे येऊ. आपण दुकानात "लोकर" म्हणून जे मागतो, ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, मेंढीचा त्यात संबंध नसतो. शिकायला ते वाईट नाही. स्वस्त असतं, थोडं ताणलं जातं, चारदा उसवलं तरी टिकतं. फक्त मध्यम जाडीचं, गुळगुळीत, नीट पीळ दिलेलं घ्या. केसाळ, चमचमणारी, मध्येच जाड मध्येच बारीक असली लोकर मुलं हमखास निवडतात, आणि त्यात टाका शोधता शोधता रडकुंडीला येतात. रंग फिकाच हवा. पिवळा, आकाशी, फिकट हिरवा. मळला तर धुता येतो. वेष्टनावर कोणत्या मापाची सुई वापरावी ते बरेचदा लिहिलेलं असतं, ते वाचा. मोठी वस्तू करायची असेल तर सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे घ्या, नाहीतर अर्ध्यात रंगाची छटा बदलते.

खरं सांगायचं तर आपल्या भागात सुती दोराच जास्त उपयोगी. चोपड्याच्या आजूबाजूला शेतं कापसाची आणि आपण मुलांना विणायला देतो ॲक्रिलिक, हे मला जरा खटकतंच. थंडी इथे असून असून किती महिने? टोपी-मफलरपेक्षा तोरण, ताटाभोवतीची रांगोळी, पाण्याच्या माठावरचं झाकण हे वर्षभर वापरात राहतं. चहाचं पातेलं उतरवायचं फडकं तर सुतीच हवं, कारण ॲक्रिलिक गरम भांड्याला वितळून चिकटतं. हे पालकांनी विशेष लक्षात ठेवा. चकचकीत सुती दोऱ्यावर "मर्सराइज्ड" लिहिलेलं असतं. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्याच्या नावावरून तो शब्द आला. या प्रक्रियेने धागा मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. पण सूत ताणलं जात नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस लोकर आणि हात बसल्यावर जाडसर सूत, असा क्रम ठेवा.

बाकीचं सामान घरातच असतं. बोथट टोकाची छोटी कात्री. शेवटचा दोरा आत लपवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई. घरातलं दाभण देऊ नका, ते टोकदार असतं आणि दोरा चिरतं. ओळीची सुरुवात ओळखायला दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा. ओळी मोजायला आमच्या वर्गात चिंचोके आहेत. मापाला कंपासपेटीतली पट्टी. सगळं मिळून दीडशे-दोनशे रुपयांच्या वर जायचं कारण नाही.

डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी सुई लागते का, असं एका आजीने विचारलं होतं. नाही लागत. मुलाला समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं करू द्या. आणि मुलग्यांना वगळू नका. ज्यांनी घरी बाज विणताना आणि बैलाचं दावं वळताना पाहिलंय, त्यांचा दोऱ्यावरचा ताण माझ्यापेक्षा चांगला असतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ५ मिमीच्या सुया आणि पिवळी लोकर आणली. त्या मुलीला नव्याने काहीच शिकवलं नाही, नुसतं सामान बदलून दिलं. तासाच्या शेवटी तिची साखळी बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. ती उसवायला मात्र तयार नव्हती. साखळी गळ्यात घालूनच घरी गेली.