यात्रेतली पुस्तकं आणि २९४.५
(लेखमाला : ग्रंथांची घरं, लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण दाखल नोंदवहीपर्यंत आलो होतो. पुस्तक आलं, शिक्का बसला, क्रमांक पडला. आता ते ठेवायचं कुठं? शेतीच्या किंवा गणिताच्या पुस्तकाला हा प्रश्न फारसा छळत नाही. धर्माच्या पुस्तकाला छळतो. त्यासाठी उदाहरण शोधत लांब जायला नको, आपला जालना जिल्हा पुरेसा आहे.

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८चा. आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन त्यांचा ‘दासबोध’ मागा. तो ८९१.४६च्या रांगेत, म्हणजे मराठी साहित्यात निघण्याची शक्यता जास्त. मराठी विभागानं एम.ए.साठी मागवलेला असतो ना! रामदासी संप्रदायावरचा इंग्रजी ग्रंथ मात्र २९४.५मध्ये, हिंदू धर्माच्या कपाटात. मूळ ग्रंथ एका मजल्यावर आणि त्यावरचा खल दुसऱ्या मजल्यावर. तुकोबांचा गाथा, एकनाथी भागवत, सगळ्यांची हीच तऱ्हा.

हे आकडे मेल्विल ड्यूईनं १८७६मध्ये सुरू केलेल्या वर्गीकरण पद्धतीतले. त्यानं धर्माला २००चं घर दिलं आणि त्यातल्या दहा खोल्यांपैकी २२०पासून २८०पर्यंतच्या सात ख्रिस्ती धर्माला दिल्या. उरलेल्या जगाची सोय २९०मध्ये. तिथंच २९४.३ बौद्ध, २९४.४ जैन, २९४.५ हिंदू, २९७ इस्लाम. एका चाळीत सगळे भाडेकरू! आपल्या रंगनाथनांनी १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरणात धर्माची खोली नव्यानं मांडली. त्यांनी वैदिक, हिंदू, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम अशी सरळ रांग लावली. पण आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांनी ड्यूईच धरून ठेवला.

माझ्या मते खरी अडचण आकड्यांच्या आधीची आहे. पुस्तक मागवतो कोण? जालना निजामाच्या राज्यात होतं तेव्हा आपलं विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया. १९१८मध्ये ते सुरू झालं आणि तिथं धर्मशास्त्राची स्वतंत्र शाखा होती. २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठ झालं. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत पाली आणि बौद्ध अध्ययन सोडलं तर ‘धर्म’ नावाचा विभाग सहसा नसतोच. मग खरेदीची यादी मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र या चार विभागांतून येते. चौघंही आपापल्या कामापुरतं मागवतात. अख्ख्या संग्रहाची काळजी कुणालाच नसते.

आणि यादी येते ती प्रकाशकांच्या सूचीतून. सूचीत नसलेल्या पुस्तकाचं काय? इथं भोकरदन तालुक्यात जावं लागतं, जाळीच्या देवाला. महानुभावांचं हे तीर्थस्थान. मराठी गद्याची सुरुवातच ज्यांच्या ‘लीळाचरित्रा’पाशी धरली जाते, त्या पंथाचं वाङ्मय शतकानुशतकं मठांत, आणि तेही सांकेतिक लिपीत राहिलं. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी तिची नावं. अक्षरांची अदलाबदल अशी की बाहेरच्याला पोथी उघडूनही वाचता येऊ नये. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. पुढं वि. भि. कोलत्यांनी ‘लीळाचरित्र’ संपादित केलं, ते १९७८मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापलं. लंडनमध्ये शिकवणाऱ्या रेसाइड यांनी १९६०मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची तयार केली, आणि ती तिकडच्याच नियतकालिकात छापली. भोकरदनच्या पोथ्यांचा पत्ता लंडनला विचारायचा, असा तो प्रकार!

पण पंथ काही १९७८ला थांबलेला नाही. जाळीच्या देवाच्या यात्रेत ताडपत्रीखाली पुस्तकांची पालं लागतात. सूत्रपाठाच्या खिशात मावतील अशा आवृत्त्या, आरत्या, स्थानांची माहिती, एखाद्या महंतांचं चरित्र. छापणारा मठच, किंमत वीस-तीस रुपये, आयएसबीएन नाही. पुढच्या वर्षी त्यातलं निम्मं मिळत नाही. अशी पुस्तकं मी एकदा एका महाविद्यालयासाठी पिशवीभर घेतली. विक्रेत्यानं वहीचं पान फाडून हिशेब लिहून दिला. झालं! तीन कोटेशनं कुठं आहेत, बिलावर जीएसटी क्रमांक का नाही, अशी लेखापरीक्षणाची हरकत आली. शेवटी पैसे पदरचे गेले आणि पुस्तकं ‘देणगी’ म्हणून दाखल झाली. माझ्या नावानं देणगीदारांच्या यादीत ती एकच नोंद आहे. पन्नास वर्षांनी या जिल्ह्यातला माणूस काय वाचून पूजा करत होता हे कुणाला शोधायचं झालं, तर त्या पिशवीतलंच कामाला येईल. त्यासाठी ग्रंथपालाच्या हाती थोडी रोख खरेदीची मुभा हवी आणि वर्षातून चार दिवस यात्रेची रजा.

बाकीच्या धर्मांचं वेगळं रडगाणं आहे. नारायण शेषाद्री या धर्मांतरित ब्राह्मण पाद्र्यानं जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची वसाहत उभारली. तो फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा माणूस, म्हणून त्या मिशनच्या कागदांसाठी एडिनबरा गाठावं लागतं. १६७९च्या नोव्हेंबरात शिवाजीमहाराजांच्या फौजेनं जालना लुटलं, तेव्हा तिथले सावकार सय्यद जानमहंमद या फकिराच्या आश्रयाला गेले, ही हकिकत फारसी तवारिखांत आहे. ग्रंथालयात ती इतिहासाच्या ९५४मध्ये बसते, २९७कडे कुणी तिचा मागमूसही ठेवत नाही. गुरू गणेशलालजींमुळं जालना स्थानकवासी जैनांचं तीर्थ झालं. त्यांची पुस्तकं हिंदीत, म्हणून ती हिंदी विभागाच्या खात्यात शिरतात.

यावर मला सुचलेला उपाय साधा आहे : दुसरी एक वही. दाखल क्रमांक नसलेली. कुठल्या गावात, कुणाच्या देवघरात, कोणतं बाड, कोणती लिपी, किती पानं आणि दाखवतात का. पोथी ग्रंथालयात यायलाच हवी असं नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठ धुंडाळून बाडं धुळ्याला जमवली, तो काळ वेगळा. आज घरची माणसं पोथी देत नाहीत आणि त्यांचं चुकतंय असंही मला वाटत नाही. बासनातून सोडून पुन्हा बासनात बांधायची, एवढ्यापुरतीच ती आपली.

माझ्या वहीतली पहिली नोंद एका महानुभाव घरातली आहे. आजोबा म्हणाले, ‘‘फोटो काढा, पण हातपाय धुऊन या, आणि चामडं आत नको.’’ कमरेचा पट्टा काढला. कॅमेऱ्याची पिशवी चामड्याची निघाली. ती ओट्यावर ठेवली, सुनेनं तिच्यावर ऊन नको म्हणून सूप झाकलं, आणि मी कॅमेरा हातात धरून आत गेलो.