'एंटरप्राइज'वर जागा कोणाला?

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी मालिका दाखविली जात असे. सोलापुरातील आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना कृष्णधवल पडद्यावरचे ते अंतराळयान आणि टोकदार कानांचा स्पॉक अजूनही आठवत असेल. इंग्रजी संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जात. पण यानाच्या नियंत्रण कक्षात कोण कोण बसले आहे, हे समजायला भाषेची गरज नव्हती. तेथे उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी होती, आशियाई चेहऱ्याचा सुलू यान हाकत होता आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना त्याच्या शेजारी चेकॉव्ह नावाचा रशियन तरुण होता. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी दिलेला शब्दच तसा होता. उद्याच्या जगात कोणीही वगळले जाणार नाही, असा तो शब्द होता.

मग या यानावर समलिंगी माणूस का नाही, हा प्रश्न चाहत्यांनी विचारणे ओघानेच आले. गेली चाळीस वर्षे हा वाद सुरू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो 'दाखवा' आणि 'दाखवू नका' अशा दोन तटांमधला वाटतो. 'मालिकेत राजकारण कशाला?' असे म्हणणारे त्यात आहेतच. पण उहुराला खुर्ची देणारी मालिका पहिल्या दिवसापासून राजकारणच करीत होती, याचा त्यांना विसर पडतो. त्यांना बाजूला ठेवले, तर खरा वाद मालिकेवर जीव टाकणाऱ्यांच्या आपापसांतला आहे आणि तो दाखविण्याच्या रीतीविषयी आहे.

पडद्यावर जे नव्हते, ते चाहत्यांनी प्रथम स्वतःच लिहून काढले. १९७४ पासून कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्या मैत्रीला प्रेमाचे रूप देणाऱ्या कथा चाहत्यांच्या घरगुती छापाच्या नियतकालिकांतून येऊ लागल्या. त्या लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. हे प्रकरण इतके गाजले, की १९७९ च्या चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीत खुद्द रॉडनबेरी यांना एका तळटीपेतून त्याची दखल घ्यावी लागली.

१९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका सुरू झाली. जुन्या मालिकेचे एक लोकप्रिय लेखक डेव्हिड जेरॉल्ड यांनी तिच्यासाठी 'ब्लड अँड फायर' ही पटकथा लिहिली. एड्सच्या भीतीने अमेरिका ग्रासलेली असताना लिहिलेल्या या कथेत यानावरचे दोन पुरुष कर्मचारी एकमेकांचे सोबती आहेत, एवढाच उल्लेख होता. पटकथा बासनात गेली आणि जेरॉल्ड मालिकेतून बाहेर पडले. पुढे चाहत्यांनीच स्वखर्चाने ती चित्रित केली. तिचा पहिला भाग २००८ मध्ये आला आणि दिग्दर्शक होते स्वतः जेरॉल्ड.

त्यानंतर निर्मात्यांनी जो मार्ग काढला, तो विज्ञानकथेला फार सोयीचा असतो. तो म्हणजे रूपकाचा. १९९२ च्या 'द आउटकास्ट' या भागात लिंगभेदच नसलेल्या परग्रहवासीयांची गोष्ट आहे. त्यांच्यातील सोरेनला आपण स्त्री आहोत असे वाटते, यानावरील अधिकारी रायकरवर तिचे प्रेम बसते आणि तिचा समाज 'उपचार' करून तिचे मन बदलून टाकतो. समलिंगी माणसांवर लादल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांवरची ही टीका होती आणि ती धीट होती. पण या लिंगविहीन जमातीच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या होत्या. त्यामुळे पडद्यावर अखेर दिसले ते एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे प्रेम! सोरेनच्या भूमिकेत पुरुष नट हवा होता, असे रायकरची भूमिका करणारे जोनाथन फ्रेक्स यांनीच नंतर बोलून दाखविले.

१९९५ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतील 'रिजॉइन्ड' हा भाग याच्या कितीतरी पुढे गेला. ट्रिल जमातीत एक दीर्घायुषी जीव एका देहातून दुसऱ्या देहात जातो. पूर्वजन्मीचे, म्हणजे पूर्वदेहांतले, पतिपत्नी आता दोन स्त्रियांच्या रूपात भेटतात. त्यांच्या समाजाचा आक्षेप गतदेहातील नाते पुन्हा जोडण्याला आहे. त्या दोघी स्त्रिया आहेत, याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. पुनर्जन्माच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. अनेक चाहत्यांना हा भाग मालिकेतील उत्तम भागांपैकी एक वाटतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की एका भागापुरती पाहुणी आली आणि गेली. घरात राहायला कोणीच आले नाही.

माझ्या मते रूपकाविषयीची तक्रार रास्त आहे. रूपक प्रेक्षकाला विचार करायला लावते, हे खरे. पण ज्याच्याविषयी विचार करायचा, तो माणूस समोरच बसलेला असेल तर? आपली गोष्ट दर वेळी दुसऱ्याच ग्रहावर का घडते, असे त्याला वाटत असणारच. रूपक त्याच्यापेक्षा निर्मात्याला अधिक सांभाळते.

या बाबतीत मराठी रंगभूमी तेविसाव्या शतकाच्या पुढे होती, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगविलेली सुमित्रा दुसऱ्या तरुणीवर प्रेम करते, हे तेथे कोणत्याही परग्रहाचा आधार न घेता सांगितले होते. पुढच्याच वर्षी, सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'ने महिलाश्रमातील दोन स्त्रियांमधील संबंधांचा विषय पडद्यावर आणला. त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच. अर्थात, सुमित्राची गोष्ट आत्महत्येत संपते. आणि नेमक्या याच ठिकाणी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचा पुढचा वाद उभा राहतो.

२०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' या मालिकेत शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर हे जोडपे आले. एकत्र दात घासत दिवसभराच्या कामाविषयी बोलणारे, अगदी चारचौघांसारखे. 'स्टार ट्रेक'च्या मालिकांमध्ये असे घर प्रथमच दिसत होते. दोन्ही भूमिका करणारे नटही उघडपणे समलिंगी. जानेवारी २०१८ मध्ये कल्बरची हत्या दाखविली गेली आणि चाहते खवळले. समलिंगी पात्र आणायचे, त्याच्यावर प्रेक्षकांचा जीव जडू द्यायचा आणि मग त्याला मारून टाकायचे, ही पाश्चात्त्य चित्रपट-मालिकांची जुनीच खोड आहे. गोष्ट अजून संपलेली नाही, असे निर्मात्यांना तातडीने सांगावे लागले. २०१९ मध्ये कल्बर कथेत परत आला. मरण सर्वांनाच असते, मग याच्याच मरणाचा एवढा गवगवा का, असे विचारणारेही होते. उत्तर साध्या हिशेबात आहे. शेकडो पात्रांतील एक गेले तर ती कथा असते. दोनांतील एक गेले तर निम्मे गणगोत जाते.

या दोन्हींच्या आधीचा, २०१६ चा वाद मात्र मला सर्वांत विचारात पाडणारा वाटतो. 'स्टार ट्रेक बियाँड' या चित्रपटात सुलूला एक जोडीदार आणि लहान मुलगी असल्याचे ओझरते दाखविले. मूळ मालिकेत सुलू साकारणारे जॉर्ज टाकेई स्वतः समलिंगी. २००५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलेले. चित्रपटकर्त्यांना हा त्यांचा सन्मान वाटला. टाकेई यांनी मात्र नापसंती दर्शविली. रॉडनबेरींनी घडविलेला सुलू तसा नव्हता. समलिंगी पात्र हवे, तर नवे निर्माण करा, असे त्यांचे म्हणणे. सहलेखक सायमन पेग यांनी आदराने असहमती नोंदविली. नवे पात्र आणले असते, तर ते 'समलिंगी पात्र' म्हणूनच ओळखले गेले असते. सुलूला प्रेक्षक आधीपासून माणूस म्हणून ओळखतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोघेही एकाच बाजूचे, आणि तरीही उत्तरे परस्परविरुद्ध. येथे मी पेग यांच्याकडे झुकतो. पण आयुष्यातील बराच काळ जगासमोर एक गोष्ट लपवून जगलेल्या नटाला, आपण रंगविलेला माणूसही तसाच लपून राहिला होता असे आता सुचविले जाणे खटकले असेल, तर तेही समजू शकते.

भारतात हा चित्रपट लागला, तेव्हा ३७७ कलम लागूच होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला होता. सप्टेंबर २०१८ पर्यंत ती स्थिती कायम राहिली. सुलूने जोडीदाराच्या कमरेभोवती हात टाकला, त्या क्षणी आपल्या चित्रपटगृहांत किती जणांनी श्वास रोखला असेल, कोण जाणे.

२०२० मध्ये 'डिस्कव्हरी'त अदिरा हे तरुण पात्र आले. अदिरा स्वतःला स्त्रीही मानत नाही आणि पुरुषही. आपल्याविषयी बोलताना इंग्रजीतील अनेकवचनी सर्वनाम वापरा, अशी विनंती ते पात्र स्टॅमेट्सला संकोचत करते. मराठी उपशीर्षके लिहिणाऱ्याची येथे परीक्षाच होईल. आपल्याकडे 'ते' आहे. पण एकवचनी 'ते' म्हटले तर मूल किंवा वस्तू डोळ्यांसमोर येते आणि आदरार्थी 'ते' म्हटले तर पुरुष. त्यातून अदिराच्या स्वतःच्या तोंडी काय घालायचे? मराठीत 'मी येतो' किंवा 'मी येते' यांतले एक निवडल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. सोलापुरात मात्र पूर्व भागातील तेलुगू घरात 'नेनु वस्तानु' म्हणता येते आणि शेजारच्या कन्नड घरात 'नानु बरुत्तेने'; बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे त्या क्रियापदाला कळत नाही.