लघवीची साक्ष

कावीळ झाली किंवा ताप उतरेना, की डॉक्टर लघवी तपासून आणायला सांगतात. शरीराच्या आत काय चालले आहे, ते लघवीवरून कळते. ही साधी तपासणी एकदा फार मोठ्या संकटात उपयोगी पडली.

ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. १९८७ साली तेथील एका सोडून दिलेल्या दवाखान्यात कर्करोगावर उपचार करण्याचे जुने यंत्र पडून होते. दोघांनी त्याचा एक भाग भंगार म्हणून काढून नेला. त्यात सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची भुकटी होती. अंधारात ती निळसर चमकत असे. लोकांना तिचे नवल वाटले. कोणी ती घरी नेली, कोणी अंगाला चोळली. थोड्याच दिवसांत लोक आजारी पडू लागले.

धोका लक्षात येताच सुमारे १,१२,००० लोकांची यंत्राने तपासणी झाली. त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडले. अंगावरची भुकटी साबणाने धुता येते. पण पोटात गेलेली कशी ओळखायची? पोटात गेलेले सीझियम रक्तात मिसळते. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून लघवीत सोडतात. म्हणून लोकांची लघवी तपासण्यात आली.

ही तपासणी कशी करतात? आधी हात स्वच्छ धुऊन लघवी बाटलीत घेतात. हाताची भुकटी बाटलीत पडली, तर उत्तर चुकते. मग बाटली शिशाच्या जाड पेटीत ठेवतात, म्हणजे बाहेरच्या किरणांचा अडथळा कमी होतो. पेटीतले यंत्र लघवीतून येणारे गॅमा किरण मोजते. तुमच्या-आमच्या लघवीतही पोटॅशियममुळे थोडे किरण असतातच! पण त्यांची ऊर्जा वेगळी असते. त्यामुळे यंत्राला दोन्हींतला फरक कळतो. सीझियम खूप असेल, तर काही मिनिटांतच ते समजते. नेमके प्रमाण काढण्यासाठी पुढे पूर्ण दिवसाची लघवी तपासतात.

एवढी घाई कशासाठी? मोठ्या माणसाच्या शरीरातील निम्मे सीझियम बाहेर पडायला सुमारे ११० दिवस लागतात. ‘प्रशियन ब्लू’ हे औषध आतड्यातील सीझियम धरून शौचावाटे बाहेर काढते. मग तेच काम सुमारे ३० दिवसांत होते. हे औषध कोणाला आधी द्यायचे, ते तपासणीवरून ठरते. गोयानियात ४६ जणांना ते दिले गेले. औषध लागू पडते की नाही, हे पाहण्यासाठी लघवी व शौच पुन्हा पुन्हा तपासत.

तरीही चार जण दगावले, कारण धोका उशिरा कळला. म्हणून मित्रांनो, भंगारात पिवळ्या रंगावर तीन पाकळ्यांची खूण असलेली वस्तू दिसली, तर तिला हात लावू नका. दूर व्हा आणि लगेच मोठ्यांना सांगा.